अडीच इंची की तीन इंची?

टर्बो गाडी घेतलेला हौशी माणूस वर्ष-दोन वर्षांत कधी ना कधी एक्झॉस्टचं काम करणाऱ्या गॅरेजपुढे उभा राहतो आणि विचारतो, "किती इंची टाकू?" उत्तरं दोन प्रकारची मिळतात. एक म्हणतो, "बिनधास्त तीन इंची टाका. टर्बोला जेवढं मोकळं तेवढं बरं." दुसरा म्हणतो, "एवढा मोठा पाइप नको साहेब, पिकअप मरेल. थोडं बॅक प्रेशर लागतंच." दोघंही अनुभवानेच बोलत असतात. फक्त त्यातल्या दुसऱ्याचा अनुभव बहुधा बिनटर्बो गाड्यांवर कमावलेला असतो.

हा दुसरा समज पक्का रुजला आहे, म्हणून आधी त्याचाच समाचार घेऊ. साध्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की जळालेला वायू धक्क्याने बाहेर पडतो. या धक्क्याची दाबलहर पाइपातून धावत सुटते आणि पाइप जिथे एकदम रुंद होतो किंवा संपतो तिथून उलटी फिरते. परतताना ती ओढीची लहर झालेली असते. एक्झॉस्टचा आणि इनटेकचा असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना ती सिलिंडरपाशी पोचली, तर उरलेला धूर ओढून काढते आणि त्याच्या मागोमाग ताजी हवाही आत खेचते. हे साधायचं तर पाइपाची लांबी आणि व्यास दोन्ही मोजूनमापून ठेवावे लागतात. पाइप गरजेपेक्षा मोठा झाला की वायू संथ होतो, लहर दुबळी पडते आणि कमी आरपीएमला जोर कमी जाणवतो. मिस्त्री बघतो की मोठा पाइप टाकला आणि पिकअप गेलं. तो निष्कर्ष काढतो, बॅक प्रेशर कमी झालं म्हणून गेलं. वास्तविक गेली ती ओढ. बॅक प्रेशरने कुठल्याच इंजिनाचं कधी भलं केलेलं नाही.

टर्बो इंजिनात या लहरींच्या वाटेत टर्बाइनचं चक्र उभं असतं. धक्क्यातली बरीचशी ऊर्जा ते तिथेच वसूल करतं. चक्राच्या मागे जो वायू निघतो तो पुष्कळसा सलग आणि गरगरत निघतो. त्यातून जुळवून घ्यावी अशी लहर फारशी शिल्लक नसते. त्यामुळे टर्बोमागच्या पाइपाबाबत एकच प्रश्न उरतो: अडथळा किती?

टर्बोच्या पुढचा, म्हणजे इंजिन आणि टर्बाइन यांच्यामधला हिशेब मात्र बरोबर उलटा आहे. तिथे नळ्या आखूड, बारीक आणि गरम हव्यात. वायू थंड झाला किंवा मोठ्या पोकळीत पसरला की चक्र फिरवणारी ऊर्जा तिथेच जिरते. म्हणूनच अलीकडच्या अनेक छोट्या टर्बो इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड वेगळा नसतोच, तो सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो. 'मोठा पाइप' या दोन शब्दांवर जे वाद होतात, त्यातले निम्मे तरी टर्बोच्या पुढचा की मागचा हे न विचारल्यामुळे होतात.

स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी टर्बोच्या कल्पनेचं पेटंट १९०५ साली घेतलं. वाया जाणाऱ्या धुरातली ऊर्जा परत इंजिनाच्या कामी लावायची, एवढाच त्यांचा हेतू होता. १९१८ साली जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचं इंजिन टर्बो लावून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक डोंगरावर, सुमारे १४,००० फुटांवर नेऊन चालवलं. विरळ हवेत पडलेली ताकद टर्बोने भरून काढता येते का, हे त्यांना पाहायचं होतं. आपल्या प्रश्नापुरतं त्या डोंगरावरचं महत्त्वाचं ते वेगळंच. तिथे बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला त्याने जास्त कष्ट पडतात, पण टर्बाइनला मागची बाजू आयतीच मोकळी मिळते. जलविद्युत केंद्रात वरच्या पाण्याची उंची जेवढी मोलाची, तेवढंच खालचं पाणी तुंबू न देणंही मोलाचं, तसंच हे.

टर्बाइनला कळतो तो पुढच्या आणि मागच्या दाबांचा भागाकार. समजा एका छोट्या टर्बोला ठरलेलं बूस्ट द्यायला दोनास एक असं गुणोत्तर लागतं. कंपनीच्या एक्झॉस्टमुळे टर्बोमागे निरपेक्ष दाब १.३५ बार साचत असेल, तर टर्बोच्या पुढे, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडाशी, २.७ बार दाब उभा राहतो. मागचा पाइप मोकळा करून १.१५ बारवर आणला, तर पुढे २.३ बार पुरतात. मागे ०.२ बार वाचले आणि इंजिनाच्या तोंडाशी ०.४ बार. प्रत्यक्षात जास्तीचा धूर टर्बाइनच्या बाजूने काढून देणारं वेस्टगेट किती उघडतं, वायू किती गरम आहे यावर हे आकडे हलतात, त्यामुळे गणित ढोबळच समजावं. पण मागच्या अडथळ्याची पुढे पट होते ही गोष्ट खरी, आणि टर्बो गाडीत एक्झॉस्ट बदलल्याचा गुण साध्या गाडीपेक्षा ठळक का येतो ते यात आहे. तोंडाशी दाब कमी झाला की पिस्टनला धूर ढकलायला कमी जोर लावावा लागतो. सिलिंडरमध्ये गरम धूर कमी उरतो, इंजिन नॉक व्हायची भीती घटते आणि ठिणगी थोडी आधी टाकता येते. बूस्टचा काटा तिथेच असतो, तरी ताकद वाढते.

आता व्यासाकडे येऊ. बाजारात काही ढोबळ नियम रूढ आहेत: दीड-पावणेदोनशे हॉर्सपॉवरपर्यंत सव्वादोन इंची, अडीचशेच्या आसपास अडीच इंची, तिथून चारशेपर्यंत तीन इंची. ट्यूनिंगवर लिहिणारे डेव्हिड विझार्ड यांचा दर हॉर्सपॉवरला २.२ सीएफएमचा (घनफूट प्रतिमिनिट) नियमही पुष्कळ ठिकाणी उद्धृत होतो. तो मुळात साध्या इंजिनाच्या सायलेन्सरसाठी आहे, आणि टर्बोवाले तो उचलून थेट पाइपाला लावतात तेव्हा हिशेब चुकतो. कॉर्की बेल यांचं १९९७चं 'मॅक्झिमम बूस्ट' हे या विषयावरचं बहुतेकांनी चाळलेलं पुस्तक. त्यांचा कल सरळ कमीत कमी अडथळ्याकडे आहे. पण 'कमीत कमी' म्हणजे नेमका किती, हे ज्याने त्याने आपल्या गाडीपुरतं काढायला हवं. ते काढणं अवघड नाही, कागद-पेन्सिल पुरते.

एक लिटरच्या आसपासचं, ११० हॉर्सपॉवरचं टर्बो पेट्रोल इंजिन घ्या. पोलो, व्हेन्यू, बलेनो आरएस यांसारख्या गाड्यांनी हा वर्ग आपल्याकडे घरोघरी नेला. पोलो तर चाकणचीच. पूर्ण ताकदीवर असं इंजिन सेकंदाला साधारण ९० ग्रॅम धूर सोडतं. सातशे अंश सेल्सिअसला त्याचं आकारमान होतं पाव घनमीटरच्या जवळपास. दोन इंची पाइपातून (आतला व्यास ४७ मिलिमीटर) तो सेकंदाला १४० मीटर वेगाने जातो, अडीच इंचीतून ८५ आणि तीन इंचीतून ५८. साडेतीन मीटर लांबी, चार-पाच बाक आणि एक-दोन साधे सायलेन्सर धरले, धूर शुद्ध करणारा कॅटकॉन बाजूला ठेवला, तर दाबाचं नुकसान दोन इंचीत सुमारे ०.१७ बार येतं, अडीच इंचीत ०.०६ आणि तीन इंचीत ०.०३. म्हणजे पहिल्या अर्ध्या इंचाने अकरा शतांश बार वाचवले, दुसऱ्या अर्ध्या इंचाने जेमतेम तीन.

हीच गाडी दोनशे हॉर्सपॉवरची असती तर? तेच पाइप, तेच बाक. दोन इंचीत नुकसान अर्ध्या बारच्या वर जातं, अडीच इंचीत ०.२० आणि तीन इंचीत ०.०९. इथे तीन इंचीला अर्थ आहे. नुकसान हे प्रवाहाच्या वर्गाने वाढतं आणि व्यासाच्या चौथ्या-पाचव्या घाताने घटतं. त्यामुळे अरुंद टोकाला प्रत्येक मिलिमीटर महाग असतो आणि रुंद टोकाला फुकट गेल्यासारखा.

वर्गाच्या नियमाची दुसरी बाजू पिकअप मरेल म्हणणाऱ्यांसाठी आहे. दोन हजार आरपीएमला, टर्बो नीट जागा व्हायच्या आधी, धुराचा प्रवाह कमाल प्रवाहाच्या जेमतेम चौथा हिस्सा असतो. तेव्हा पाइपातलं नुकसान सोळावा हिस्सा. दोन इंची पाइपातही ते शतांश बारवर येतं. या भागात मोठ्या पाइपाने टर्बो उशिरा जागा होत नाही, झालाच तर नखभर लवकर होतो. पण सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीत तो फरक पायाला कळणार नाही. कळेल तो आवाज. कित्येकदा आवाजामुळेच गाडी जोरात गेल्यासारखी वाटते, हे गॅरेजवाल्यांनाही पक्कं ठाऊक असतं.

आतापर्यंत सगळा पाइप एका व्यासाचा धरला. खरं तर तो तसा असायला नको. टर्बोच्या तोंडाशी वायू सर्वांत गरम, म्हणून सर्वांत फुगलेला. मागे जाता जाता तो थंड होतो आणि आक्रसतो. सातशे अंशांचा धूर मागच्या बंपरपाशी चारशेवर आला असेल, तर तेवढ्याच नुकसानीत तिथे तीन इंचीऐवजी पावणेतीन इंची पाइप भागतो. शिवाय टर्बोमधून वायू भोवऱ्यासारखा गरगरत बाहेर येतो, त्यात वेस्टगेट उघडलं की त्याचा झोत आडवा येऊन आपटतो. ही मारामारी पहिल्या अर्ध्या मीटरमध्ये होते. म्हणून टर्बोला लागून असलेला तुकडा, ज्याला सगळे डाउनपाइप म्हणतात, तोच सर्वांत मोलाचा. चक्राच्या तोंडाला तो एकदम न फुगता सात ते बारा अंशांच्या उताराने हळूहळू रुंद व्हावा, आणि जागा असेल तर वेस्टगेटच्या धुराला थोडं अंतर स्वतंत्र वाट मिळावी. मागचा सायलेन्सर बदलून खरी ताकद मिळाली असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही. तो भाग बहुधा सर्वांत कमी अडवतो आणि सर्वांत जास्त दिसतो.

अडवतो तो कॅटकॉन. मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची ती वीट सुमारे अडीचशे-तीनशे अंशांना तापल्याशिवाय काम सुरू करत नाही, म्हणून कंपन्या ती टर्बोला चिकटून बसवतात. नेमक्या मोक्याच्या जागी. मग ट्यूनिंगवाले ती काढून तिथे मोकळा पाइप किंवा विरळ छिद्रांची 'स्पोर्ट्स कॅट' टाकतात. मागच्या ऑक्सिजन सेन्सरला फरक लगेच कळतो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. स्कॅनर लावला की हटकून पी ०४२० हा कोड निघतो. भारत स्टेज सहाच्या डिझेल गाड्यांत कॅटकॉनच्या जोडीला काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो भरत गेला की दाब आपोआप चढतो. त्यामुळे तिथे पाइपाच्या व्यासाआधी तो फिल्टर साफ झाला आहे का, हे बघावं लागतं.

डिझेलचा विषय निघाला म्हणून थोडं. पुण्याजवळ रांजणगावात बनायचं ते फियाटचं १.३ मल्टिजेट एके काळी इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत होतं की लोक त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणत. ७५ हॉर्सपॉवरच्या रूपात साधा टर्बो, ९० च्या रूपात पाती हलवणारा, व्हीजीटी. व्हीजीटी स्वतःच्या पात्या मिटून पुढचा दाब हवा तेवढा उभा करतो. अशा इंजिनाला तीन इंची पाइप लावणं म्हणजे निव्वळ हौस. त्यालाही बाजारात गिऱ्हाईक होतं, अजून आहे.

मोकळं करायला गेलं आणि भलतंच झालं, अशीही उदाहरणं आहेत. माझदाची आरएक्स-७, तिसऱ्या पिढीची, यासाठी जगभर कुप्रसिद्ध. तिचं एक्झॉस्ट मोकळं केलं की टर्बाइनला गुणोत्तर इतकं सोयीचं मिळायचं की वेस्टगेटचं भोक सगळं उघडूनही जास्तीचा धूर बाजूला काढायला अपुरं पडायचं. बूस्ट ठरलेल्या आकड्यावर न थांबता आरपीएमबरोबर सरकत वर जायचं. याला 'बूस्ट क्रीप' म्हणतात. त्या गाडीच्या रोटरी इंजिनाला हे सोसायचं नाही. छोट्या अंतर्गत वेस्टगेटच्या कुठल्याही टर्बोत हे होऊ शकतं, आणि मग पाइपाचा खर्च टर्बोच्या खर्चात मिळतो.

याउलट आजच्या बहुतेक गाड्यांत काहीच होत नाही, हीही तक्रार असते. कारण इंजिनाचा संगणक, ईसीयू, आता बूस्ट नव्हे, टॉर्क मोजून देतो. मागचा रस्ता मोकळा झाला की तो वेस्टगेट थोडं जास्त उघडतो आणि ठरलेलाच टॉर्क देतो. टर्बोला आराम मिळतो, धूर थोडा थंड होतो, पण ताकद वाढत नाही. ती हवी तर ईसीयूचा हिशेबच बदलायला हवा, म्हणजे रिमॅप हवा. बाजारातले 'स्टेज १' आणि 'स्टेज २' हे शब्द इथलेच: पहिल्यात फक्त रिमॅप, दुसऱ्यात रिमॅप आणि डाउनपाइप. नुसता पाइप टाकून ठेवणाऱ्याला कुठल्याच स्टेजवर जागा नाही.

कागदावरचा व्यास आणि प्रत्यक्षातला व्यास यांत किती अंतर पडतं, हे बघायचं तर गॅरेजमधला एखादा उतरवलेला 'तीन इंची' पाइप हातात घ्यावा. सरळ भागात व्हर्नियर ७६ मिलिमीटर दाखवतो. बाकापाशी लावा, तर साध्या बेंडिंग मशीनवर वाकवलेला पाइप चेपून अंडाकृती झालेला असतो आणि अरुंद बाजू साठीत येते. तिथे तो अडीच इंचीच झाला. आतून बोट फिरवलं तर आर्गन वेल्डिंगचा कणा टोचतो, फ्लँजपाशी गॅस्केटची कड दोन-तीन मिलिमीटर आत आलेली असते, आणि लवचीक जोडाची, म्हणजे फ्लेक्झीची, आतली जाळी सुटून वाटेत लोंबत असते. आत ठोकळा घालून वाकवलेला, म्हणजे मॅन्ड्रेल बेंडचा अडीच इंची पाइप अशा तीन इंचीपेक्षा सरस ठरतो. कारागिराला विचारायचंच असेल तर इंच नंतर विचारा, आधी बाक कसा काढता ते विचारा. स्टेनलेस ३०४ की ४०९, सोळा गेज की अठरा, हे प्रश्न टिकाऊपणाचे आणि आवाजाचे आहेत, ताकदीचे नाहीत.

आवाज हा मात्र स्वतंत्र शत्रू आहे. टर्बो स्वतःच बराच आवाज गिळतो, म्हणून टर्बो गाडीत छोट्या सायलेन्सरवर भागतं. पण पाइप मोठा झाला की ठरावीक आरपीएमला केबिनमध्ये घुमणारा गुंजारव सुरू होतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गाडी ताशी शंभरने चाललेली आणि चार सिलिंडरचं इंजिन २४०० आरपीएमला असेल, तर सेकंदाला ८० धक्के बसतात. ही ८० हर्ट्झची घूं-घूं डोकं उठवते, आणि नेमक्या याच वेगाने तासभर जायचं असतं. तिच्यावर उपाय आहे: पाइपाला एक बंद तोंडाची आडवी नळी जोडायची, लहरीच्या लांबीच्या चौथ्या भागाएवढी. गरम धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास धरला तर ती नळी दीड मीटर निघते. आता ती गाडीखाली बसवायची कुठे? तीन इंची पाइप आधीच स्पीडब्रेकरला घासतोय.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीत परस्पर बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते अधिक कडकपणे लागू केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्या तर पहिल्याच गुन्ह्यात दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्सवर तीन महिन्यांची बंदी. जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याच्या बातम्या आपल्या शहरांतून येतात त्या बहुतेक बुलेटवाल्यांच्या, पण कलमं कारलाही तीच लागतात. कॅटकॉन काढून रस्त्यावर फिरणं मला कायद्याआधी शेजाऱ्याच्या फुप्फुसांसाठीच पटत नाही. ट्रॅकवरच्या गाडीची गोष्ट निराळी.

मग करायचं काय? शंभर-सव्वाशे हॉर्सपॉवरची गाडी कंपनीच्या ट्यूनवर असेल तर पाइपाला हात लावू नये. रिमॅप करून दीडशेच्या आसपास नेली असेल तर चांगल्या बाकांचा सव्वादोन किंवा अडीच इंची पाइप भरपूर झाला. तीन इंची हा ऑक्टाव्हिया आरएससारख्या दोनशेच्या वरच्या गाड्यांचा प्रांत, आणि तिथेही आधी डाउनपाइप, मग बाकीचं. त्याच्या पुढे जागा, आवाज आणि पैसा एवढीच मर्यादा. ताकदीच्या बाजूने पाइप 'फार मोठा' होत नाही.

काही कापायच्या आधी मात्र दाब मोजून घ्यावा. टर्बो आणि कॅटकॉन यांच्यामध्ये डाउनपाइपला ऑक्सिजन सेन्सरच्या मापाचा, १८ मिलिमीटर आट्यांचा एक नट वेल्ड करायचा, त्यातून हात-दीड हात लांबीची पोलादी नळी काढायची म्हणजे वायू थंड होतो, आणि तिच्या टोकाला एक बारपर्यंतचा गेज लावायचा. मोकळ्या ट्रॅकवर किंवा डायनोवर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल देऊन आरपीएमच्या शेवटापर्यंत न्यायचं आणि शेजारी बसलेल्याने काटा वाचायचा. ०.१० - ०.१५ बारच्या आत असेल तर पाइपाचे पैसे टायरवर घालावेत. ०.३ च्या वर गेला तर गेज कॅटकॉनच्या मागे नेऊन पुन्हा मोजावं. तिथेही काटा तेवढाच चढला तर दोष मागच्या पाइपाचा आणि सायलेन्सरचा, आणि तिथे तो खाली बसला तर कॅटकॉन तुंबला आहे. तो बदलून कंपनीचा नवा टाकला की बऱ्याच जुन्या गाड्यांचं काम भागतं, व्यास न बदलता.